"कशावरून?" विचारणारी पोरगी

जेवणं उरकली असतील, भांडी पालथी घातली असतील. आता थोडा वेळ बसा आमच्याबरोबर.

मागच्या महिन्यात आपल्या केंद्राच्या फोनवर एका ताईंनी प्रश्न नोंदवला. त्यांचा मुलगा दहावीला आणि मुलगी नववीला. दोघांचाही निम्मा अभ्यास मोबाईलवर चालतो. ताई म्हणाल्या, "पोरगी वर्गात पहिल्या पाचात असती. पण मोबाईलवरचा अभ्यास तिला झेपत नाही. पोरगा बघावं तर सराईतासारखा बोटं फिरवतो. पोरींच्या डोक्यात हे कमी शिरतं का वो?"

ताईंनी नाव सांगू नका म्हटलंय, तेव्हा सांगत नाही. पण हा प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही. गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली की हाच विषय निघतो. आम्ही सहयोगिनी दहा गावं फिरतो, सगळीकडं हेच ऐकतो. म्हणून आजचं बोलणं याच्यावरच.

आमचं उत्तर ऐकण्याआधी एक करा. संध्याकाळी सात ते दहा घरातला मोबाईल कुणाच्या हातात असतो, तेवढं बघा. त्या वेळात मुलगी कुठं असते तेही बघा. बहुतेक घरांत तिचे हात भाकरीच्या पिठात असतात आणि पोरगा मोबाईल घेऊन कट्ट्यावर असतो. मग सराव कुणाचा होणार? ज्याच्या दारात सायकल, त्यालाच सायकल येते. ज्याला येत नाही त्याचं डोकं कमी आहे असं आपण म्हणतो का?

हे आपल्या गावापुरतं नाही. 'प्रथम' ही संस्था देशभरातल्या खेड्यांत घरोघर जाऊन मुलांना किती येतं ते बघते आणि 'असर' नावाचा अहवाल काढते. २०२३ साली त्यांनी १४ ते १८ वयाची मुलं-मुली पाहिली. दहातल्या जवळजवळ नऊ जणांच्या घरी स्मार्टफोन होता. म्हणजे फोन उंबऱ्याच्या आत आलाय. पण फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन किती जणांकडं? शंभर मुलग्यांत साधारण ४४ जणांकडं, शंभर मुलींत २० जणींकडं. मग त्यांनी मुलांना सांगितलं, घरातला फोन घेऊन या, आणि त्यावर कामं दिली. गजर लावा, अमुक माहिती शोधा, नकाशावर वाट काढा, व्हिडिओ शोधून पाठवा. फोन घेऊन येऊ शकणाऱ्यांतच मुली कमी होत्या. आणि ज्या आल्या त्याही या कामांत मुलग्यांच्या मागं राहिल्या.

आता याच मुलींच्या हातात पेन आणि कागद द्या. आपल्या महाराष्ट्रात २०२४ च्या दहावीच्या परीक्षेत मुली पास झाल्या ९७.२१ टक्के आणि मुलगे ९४.५६ टक्के. दरवर्षीचं चित्र असंच असतं. डोकं तेच, फक्त पुढ्यातली वस्तू बदलली.

ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे झालं. उरलेलं अर्धं जरा अवघड आहे, कारण ते आपल्या स्वतःच्या वागण्यात आहे.

२०२० सालचा मार्च आठवा. शाळा बंद झाल्या, शिकवणं मोबाईलवर आलं. आमच्या एका गटातल्या वहिनींच्या घरी फोन एकच, तोही दादांचा. दादा सकाळी दूध घालायला जायचे, फोन त्यांच्या खिशात. शाळेचा ग्रुप त्याच नंबरावर. गुरुजी दहा वाजता गृहपाठ टाकायचे आणि मुलीला तो रात्री आठला दिसायचा. तोवर मुलाने सगळा डेटा क्रिकेट बघण्यात संपवलेला. मग ही पोर शेजारच्या घराच्या ओट्यावर, त्यांच्या वायफायच्या आशेने जाऊन बसायची, तर "अंधारात कुठं फिरते" म्हणून बोलणी खायची. कधी फोन मिळालाच तर धडा लावून ठेवायची आणि पाणी भरायला जायची. वर्षभर तिने विज्ञान निम्मं ऐकून शिकलं. आकृती कधी पाहिलीच नाही.

हे झालं वेळेचं. याच्याहून मोठी अडचण विचारण्याची आहे. ऑनलाईन वर्गात शंका विचारायची म्हणजे माईक सुरू करायचा. मागे कुकरची शिट्टी, सासऱ्यांचा खोकला, बकरीचं ओरडणं सगळं वर्गभर जातं आणि पोरं हसतात. मुलगे हसण्याला हसून उत्तर देतात. मुलगी एकदा लाजली की पुन्हा माईकला हात लावत नाही. ग्रुपवर लिहून विचारावं तर तिचा नंबर साठ जणांपुढं जातो. त्यातल्या एखाद्याचा "हाय" असा निरोप रात्री साडेदहाला आला की घरात काय होतं, ते आम्ही सांगायला नको. निरोप पाठवणारा राहतो बाजूला आणि फोन काढून घेतात तो मुलीचा.

आमच्यातल्या बऱ्याच जणींनी मुक्त विद्यापीठातून, लग्नानंतर, घरबसल्या बी.ए. केलं. तेव्हा मोबाईल नव्हता, पुस्तकं घरी यायची. रविवारी अभ्यासकेंद्रावर जायचं. तिथंही आम्ही शेवटच्या बाकावर बसून शंका मनात ठेवायचो आणि परत येताना एसटीत एकमेकींना विचारायचो. तेव्हा वाटायचं, आपल्यालाच विचारता येत नाही. आता कळतं, विचारायची सवयच कुणी लागू दिली नव्हती.

इथं एक शब्द आणतो. चिकित्सक विचार. हल्ली शाळेच्या प्रत्येक कागदावर हा शब्द असतो. ऐकायला जड वाटतो, पण गोष्ट तुम्ही रोज करता. बाजारात शेळी घ्यायला गेलात तर विकणारा म्हणतो, दोन वेताची आहे, दोन लिटर दूध देते. तुम्ही त्याच्या तोंडाकडं बघत नाही. शेळीचे दात बघता, कास चाचपता, चार पावलं चालवून बघता. एवढी चांगली आहे तर विकतोस का, हेही विचारता. मग शेजारणीला हाक मारता, "अगं, बघ गं जरा." कोण सांगतंय, कशावरून सांगतंय, त्याचा त्यात फायदा काय, आणि दुसरं कुणी तेच सांगतंय का. याला म्हणतात चिकित्सक विचार. एक शाळा न शिकलेली बाई शेळीच्या बाजारात तो पुरेपूर करते.

मोबाईलवरच्या अभ्यासात याची गरज वर्गापेक्षा जास्त लागते. वर्गात बाई समोर असतात, पुस्तक मंडळाचं असतं. मोबाईलवर कुणीही शिकवतो. एक जण गणित बरोबर शिकवतो आणि मध्येच नवसाचा खडा विकतो. आता तर एआय आलंय. त्याला विचारलं की ते तोंड भरून उत्तर देतं, चुकीचं असलं तरी तेवढ्याच ठामपणे. तिथं शेळीचे दात बघायला शिकवलं नाही तर मुलगा काय, मुलगी काय, दोघंही फसतात.

आणि मुलामुलींतला खरा फरक आम्हाला इथं दिसतो. मागच्या वर्षी आमच्या भागात एक निरोप फिरला. दहावी पास मुलींना मोफत लॅपटॉप, या लिंकवर आधार नंबर भरा. एका घरात मुलाने तो निरोप वाचला न वाचला, पुढं वीस जणांना ढकलला. बहिणीला शंका आली होती. लिंकच्या नावात सरकारी खात्याचं नाव नव्हतं, शब्दही अशुद्ध होते. पण ती बोलली नाही. आम्ही नंतर विचारलं, का गं? तर म्हणाली, "बोलले असते तर आधी विचारलं असतं, तू फोन कशाला उघडला होतास."

बघा, विचार तिने केला होता. भावाने केला नव्हता. पण तिचा विचार तोंडातच राहिला. मुलगा चुकला तर "जाऊ दे, पोरगंय, शिकेल." मग तो दहा वेळा चुकतो आणि अकराव्या वेळी खरंच शिकतो. मुलगी एकदा चुकली तर फोन बंद, क्लास बंद, कधी कधी शाळाही बंद आणि स्थळं बघायला सुरुवात. एकच चूक परवडणारं माणूस नवीन काही करून बघेल का? ती आधीच माहीत असलेल्या वाटेनेच चालणार. भावाने "आई, हे असं का?" विचारलं तर आपण म्हणतो, काय डोकं चालतंय! तिने तेच विचारलं तर म्हणतो, उलट बोलायला लागली. आपणच म्हणतो, मैत्रिणींनो. दरवेळी पुरुषांवर ढकलून चालणार नाही.

डोक्यात फरक आहे का, हे जगभर तपासून झालंय. 'पिसा' नावाची एक मोठी चाचणी पंधरा वर्षांच्या मुलांसाठी होते. २०१२ साली त्यात एकट्याने कोडं सोडवायचं होतं. तिथं मुलगे सरासरी थोडेसे पुढे होते. २०१५ साली कोडं इतरांशी बोलून, मिळून सोडवायचं होतं. त्यात भाग घेतलेल्या एकूण एक देशांत मुली पुढे होत्या. भारत त्या चाचणीत नव्हता, म्हणून आपल्या पोरींचे गुण सांगता येणार नाहीत. पण एवढं कळतं की प्रश्न कसा मांडला आणि बसवलं कसं, यावर पुढचं-मागचं बदलतं. मुलगी चार जणींत बसून, बोलून शिकते तेव्हा खुलते. आपण तिला एकटीला, कानात तार घालून, आवाज न करता शिकायला सांगतो.

मुलांचंही सांगायला हवं, नाहीतर म्हणाल पोरींचीच बाजू घेतली. फोन हातात आहे म्हणजे अभ्यास होतो असं नाही. 'असर'च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलामुलींना मागच्या आठवड्याचं विचारलं होतं. अभ्यासाशी जोडलेलं काही फोनवर केलं म्हणणारे ५७ टक्के, आणि समाजमाध्यमं वापरली म्हणणारे ७६ टक्के. मुलाला फोन दिला, वेळ दिला, मुभा दिली, पण "कशावरून?" त्यालाही कुणी विचारलं नाही. त्याची बोटं पळतात म्हणून त्याला सगळं येतं असं आपण धरून चालतो. ताई, तुमच्या पोराच्या बोटांकडं बघू नका. त्याने आज जे बघितलं ते तुम्हाला चार वाक्यांत सांगायला लावा. मग कळेल.

आपल्याकडं मुलीच्या प्रश्नाची गोष्ट नवी नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये एक निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतिबा आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेतली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. तिने त्यात सरळ विचारलं की आम्हाला ज्या धर्मग्रंथांना हातसुद्धा लावू देत नाहीत, ते आमचे कसे? अख्खा समाज जे मानत होता, त्याला तिने पुरावा मागितला. तिच्याकडं मोबाईल नव्हता. पण लिही, आम्ही छापून आणतो, असं म्हणणारी माणसं पाठीशी होती. अशी माणसं आपण आपल्या पोरींच्या पाठीशी आहोत का, एवढंच आमच्या मनात येतं.

आमच्या गटांनी काय केलं ते सांगतो. फार मोठं काही नाही. एका गटाने कर्जाच्या हप्त्यासारखी फोनची पाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली. सात ते साडेआठ मुलीची, त्या वेळात भाकरी मुलाने नाहीतर आईने करायची. पहिले पंधरा दिवस मुलाच्या भाकऱ्या खाव्या लागल्या, त्याबद्दल आम्ही काही बोलत नाही. दुसरं, शाळेच्या ग्रुपवर आईचा नंबर दिला. परक्याचा निरोप आला तर आईला सांगायचं आणि सांगितल्याबद्दल फोन काढून घ्यायचा नाही, असं बैठकीत सगळ्यांपुढं ठरवून घेतलं. पैशाची फसवणूक झाली तर १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा, हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. आणि बालभारतीच्या पुस्तकात धड्याजवळ तो काळा-पांढरा चौकोन असतो ना, तो 'दीक्षा' अ‍ॅपने कसा उघडायचा, हे मुलींनी आयांना दाखवलं. शिकवता शिकवता त्यांचाच हात बसला.

आणि मुलगी फोन ठेवून उठली की "काय शिकलीस?" हे विचारणं सोडलं. त्याऐवजी विचारायचं, "आज काय विचारलंस?" आणि दुसरं, "हे खरं कशावरून?" यासाठी आईला वाचता यायची गरज नाही. सुरुवातीला मुली वैतागल्या. एकीने आईला सांगितलं, "तू काय पोलीस आहेस का?" आई म्हणाली, "नाही, मी शेळ्या घेते."

याचा परिणाम आमच्यावरच उलटेल असं मात्र वाटलं नव्हतं.

एका गटात सचिव बाईंना लिहिता येत नाही, म्हणून वही त्यांची नववीतली मुलगी लिहिते. दोन महिन्यांमागं भर बैठकीत ती म्हणाली, "मला एक विचारायचंय." तिने मोबाईलवर बँकेच्या व्याजाचा धडा बघितला होता. आपल्या गटात दहा हजारांचं कर्ज घेतलं तर महिन्याला हजाराचा हप्ता आणि शेकडा दोन व्याज. व्याजाचे दर महिन्याला दोनशे, दहा महिन्यांचे झाले दोन हजार. पोरगी म्हणाली, "पण पहिल्या महिन्यात हजार परत केले, मग उरले नऊ हजार. दुसऱ्या महिन्याचं व्याज एकशे ऐंशी व्हायला पाहिजे. परत केलेल्या हजारावर व्याज कशावरून घ्यायचं?" तिने पाटीवर मांडून दाखवलं. दोनशे, एकशे ऐंशी, एकशे साठ, असं शेवटच्या महिन्यात वीस. बेरीज अकराशे. आपण घेत होतो दोन हजार. एका कर्जामागं नऊशे रुपये जादा.

एक मावशी म्हणाल्या, "लहान तोंडी मोठा घास." अध्यक्षबाई म्हणाल्या, "आजवर असंच चाललंय." आम्ही गप्प होतो. कारण त्या वहीवर दर तिमाहीला तपासल्याची सही आमची होती. मेळाव्यात आम्ही चिकित्सक विचारावर बोलायचो आणि हा आकडा कधी तपासला नव्हता.

पैसे कुणी खाल्ले नव्हते, गटाच्याच खात्यात होते. पण ते जमले कुणाकडून? ज्यांनी जास्त वेळा कर्ज काढलं त्यांच्याकडून. कर्ज कोण जास्त काढतं? ज्यांच्या घरी आजारपण आहे, ज्यांना शेत नाही, त्या. आणि वर्षाअखेरी नफा वाटला तो सगळ्यांना सारखा. ही गोष्ट मांडून दाखवली तेव्हा मघाच्या मावशीच म्हणाल्या, "म्हणजे माझंच घेतलं की गं तुम्ही." त्यांनी चार वेळा कर्ज काढलं होतं.

नव्या कर्जांना उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावायचं, हे त्याच दिवशी ठरलं. जुन्यांचं काय करायचं यावर अजून एकमत नाही. दोघीजणी म्हणतात, झालं गेलं सोडा. मावशी सोडायला तयार नाहीत. पोरीला जुन्या वह्या काढून दिल्यात. आईच्या फोनवर ती एकेक हिशेब मांडतेय, सात ते साडेआठच्या पाळीत. मावशींच्या तीन कर्जांचा हिशेब पुरा झालाय. चौथ्याचं पान भिजलंय, त्या वर्षीची पासबुकं कुणाकडं आहेत ते आम्ही शोधतोय.